फरारीची तिसरी दिवाळी

लग्नाकार्यात जेवायला बसलं की मला एकच प्रश्न येतो. शेजारच्या बाईंना कोणीतरी हळूच सांगतं, ह्या पोलिसात होत्या, पळालेले कैदी शोधायच्या. मग त्या बाई पुरीचा तुकडा तसाच हातात धरून विचारतात, "काय हो, सिनेमात दाखवतात तसं खरंच वर्षानुवर्षं लपून राहता येतं का?" जेवण गार होऊ नये म्हणून मी थोडक्यात सांगते, "येतं. फक्त दात चांगले पाहिजेत." त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

थट्टा नाही. बडोद्यात सत्तावीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची अकरा फरारी कैद्यांच्या पथकात. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला. आमच्या यादीतले बहुतेक जण भिंतीवरून उडी मारलेले नसत. ते आईच्या आजारपणासाठी, नाहीतर बहिणीच्या लग्नासाठी रजेवर सुटलेले आणि ठरल्या दिवशी परत न गेलेले असत. पथकात रावळसाहेब, चार हवालदार, मनात आलं तर सुरू होणारी एक जीप आणि मी. मला घेतलं ते सरळ कारणासाठी. फरारी माणूस घरी नसतो, त्याच्या घरच्या बायका असतात, आणि त्या पुरुषांसमोर तोंड उघडत नाहीत.

माझी पद्धत साधी होती. साध्या साडीत जायचं, पाणी मागायचं आणि बाई पाणी आणायला आत गेली की तिच्या मागोमाग जायचं. एकदा स्वयंपाकघरात पाटावर बसलं की निम्मं काम झालं. कपाटं उघडायची नाहीत. पालथी घातलेली ताटं मोजायची. दोन माणसांच्या घरात तीन ताटं ओली असतील तर चहा सावकाश प्यायचा. घरात कोणी तंबाखू खात नाही आणि चुन्याची डबी ताजी आहे, तर दुसरा कप मागायचा.

जगण्याचं म्हणाल तर गुजरातेत माणूस उपाशी मरत नाही. देवळं आहेत, अन्नक्षेत्रं आहेत. काम मजूर नाक्यावर मिळतं, तिथे नाव विचारत नाहीत, हात बघतात. झोपायला जागा मिळणं अलीकडे अवघड झालंय, कारण धर्मशाळेतसुद्धा आधार कार्ड मागतात. पण खरी अडचण शरीराची. चष्मा फुटतो. ताप उतरत नाही. दाढ ठणकायला लागते, आणि डॉक्टर खुर्चीत बसवण्याआधी नाव, पत्ता, फोन विचारतो. मी तिघांना दातांच्या दवाखान्यांमुळे पकडलंय.

भिंतीवरून पळालेले माझ्या नोकरीत फक्त चार, आणि ते चौघं एकदम. ते प्रकरण पेपरांत खूप गाजलं. आमच्या भागातल्याच एका लहान तुरुंगात पंधरा ऑगस्टच्या आधी भिंतींना चुना लावायचं काम चाललं होतं, आणि लावत होते कैदीच. दुपारी जेवणाच्या सुमाराला तिघं शिडीवरून भिंतीवर चढले, शिडी वर ओढायच्या आधी खाली ती धरून उभा असलेला चौथाही चढला, आणि पलीकडच्या चिंचेवरून चौघंही रस्त्यावर उतरले. डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरे, एकाच्या हातात बादलीसुद्धा. समोरच्या पानवाल्याने त्यांना रंगारी समजून बिड्या दिल्या. पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे होतं?

पहिले दोघं चौथ्या दिवशी सापडले. हालोलजवळ एका हॉटेलात ते टीव्हीवर स्वतःचीच बातमी बघत होते आणि त्यातला एक मालकाला म्हणाला, फोटो काही चांगला आला नाही. मालकाने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

तिसरा हुशार होता. दाढी वाढवून, पांढरं धोतर नेसून, हातात दंड घेऊन तो नर्मदेच्या काठाने चालायला लागला. परिक्रमा करणाऱ्याला गावोगाव जेवण मिळतं, झोपायला ओसरी मिळते आणि पूर्वीचं नाव कोणी विचारत नाही. सात महिने तो असा राहिला, वजनही वाढलं. एक दिवस तो जेवायला थांबलेल्या आश्रमात एक सरकारी जीप आली. ती आमची नव्हती, कालव्यावाल्यांची होती. हा घाबरला, नावेत बसून पलीकडच्या काठाला गेला, आणि दोन दिवसांनी जीप गेल्याची खात्री करून परत जेवायला आला. आश्रमात भाकऱ्या करणाऱ्या म्हाताऱ्या बाईने ताट वाढायला नकार दिला. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवतात, ती ओलांडायची नसते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. ती सरपंचाकडे गेली आणि म्हणाली, हा माणूस मैया ओलांडून आला, हा परिक्रमावासी नाही, कोण आहे ते बघा. तो पळालेला कैदी आहे हे कळल्यावर तिला फारसं काही वाटलं नाही. राग होता तो नदी ओलांडल्याचा.

राहिला चौथा, शिडी धरणारा. त्याचं नाव दिलीप. बडोद्याच्याच वाडी भागातल्या मराठी घरातला, वय पस्तीसच्या आसपास. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगावरून भांडण झालं, याने शेजाऱ्याच्या डोक्यात फिरकी घातली, शेजारी बरेच दिवस दवाखान्यात राहिला, याला शिक्षा झाली. पळाला तेव्हा त्याचे फक्त चौदा महिने उरले होते. चौदा महिन्यांसाठी पळणाऱ्याला काय म्हणायचं? रावळसाहेब म्हणत, "बेन, आ तो साव गांडो छे." अगदीच वेडा. पुढे त्याने मला सांगितलं की शिडी धरून वर बघत असताना त्याने काहीच ठरवलं नव्हतं. तिघं दिसेनासे झाले आणि आपण एकटेच खाली राहिलो, आता मार आपल्यालाच पडणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

त्याच्या घरी आई आणि मोठी बहीण. बहीण मंगलताई, माझ्याच वयाच्या, लग्न केलेलं नाही, मराठी शाळेत शिक्षिका. मी वाडीत लहानाची मोठी झालेली, त्यामुळे त्यांच्या पोळातली, म्हणजे गल्लीतली, निम्मी माणसं मला ओळखत होती. मंगलताईंना ते आवडायचं नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी जायची, आणि दर वेळी त्या दारातून म्हणायच्या, "या, इन्स्पेक्टरीणबाई."

"हवालदार," मी म्हणायची.

"अजून? आमच्या दिल्याला पकडा म्हणजे बढती मिळेल."

आई आतून ओरडायच्या, तिला आधी बसायला तरी सांग. मग चहा. मी ताटं मोजायची, दोनच ओली. मंगलताईंच्या फोनवर आमचं लक्ष होतं, त्यात शाळा, चुलतभाऊ प्रकाश आणि गॅसवाला. आई मला म्हणायच्या, सापडला तर मारू नका हं, त्याला लहानपणी फिट यायची. मी हो म्हणायची. दोन वर्षं अशीच गेली, आणि खरं सांगायचं तर मला त्या घरी जायला आवडायला लागलं होतं.

त्या श्रावणात आई गेल्या, झोपेतच. आम्ही साध्या कपड्यांत स्मशानात उभे राहिलो, दहाव्यालाही उभे राहिलो. फरारी मुलगा आईच्या अंत्यविधीला कुठेतरी लांबून का होईना येतो, हा आमचा अनुभव. दिलीप आला नाही. सगळे विधी प्रकाशने केले. रावळसाहेब म्हणाले, आईसाठी आला नाही म्हणजे एकतर जिवंत नाही, नाहीतर फार लांब आहे, फाइल बाजूला ठेवू. मलाही तसंच वाटलं.

दिवाळीच्या आधी आठवडाभर आम्ही यादीतल्या सगळ्या घरांना भेट देतो. एका नव्या हवालदाराला घेऊन मी वाडीत गेले. मंगलताई एकट्या होत्या, "या, इन्स्पेक्टरीणबाई" म्हणाल्या, पण पुढची चकमक झाली नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या, मी मागोमाग गेले. ओट्याच्या कोपऱ्यात प्रकाशकडून आणि शेजारच्या घरातून आलेले फराळाचे डबे होते, न उघडलेले. तेही रीतीला धरूनच. घरात माणूस गेलं की त्या वर्षी आपल्याकडे सणाचं तळण तळत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात.

आणि खिडकीत, उन्हात, पालथा घातलेला सोऱ्या होता. शेजारी चांदणीची चकती, धुऊन वाळत टाकलेली.

नव्या हवालदारानेही तो सोऱ्या पाहिला. जिना उतरताना मला म्हणाला, बेन, आमच्याकडेपण सेव पाडायला असाच संचा आहे. मी बरं म्हटलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, काही विशेष नाही, फराळ करतायत. ते खोटं नव्हतं.

ती चकली दिलीपसाठी होती, हे तर जिन्यातच कळलं होतं. म्हणजे तो जिवंत होता आणि फार लांबही नव्हता. पण आई जाऊन दोन महिने झालेत, अशा वर्षी मंगलताईंसारख्या रीतभात सांभाळणाऱ्या बाईने कढई का चढवावी? भावाला दुकानातलं आणून पाठवता आलं असतं. प्रकाशच्या घरचा एक डबा उचलून पाठवता आला असता. घरी मी माझ्या चिवड्याचे पोहे भाजत होते, नवरा कोयलीच्या रिफायनरीतून यायचा होता, आणि पोहे जरा जास्तच भाजले गेले तेव्हा उत्तर सापडलं. दर वर्षी घरचा फराळ जातो. या वर्षी गेला नाही, किंवा दुसऱ्या घरची चव गेली, तर तिकडे बसलेला माणूस काय समजेल?

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. मंगलताई करंज्यांना मुरड घालत होत्या. मी पाटावर बसले.

"कोणासाठी?"

"शाळेतल्या मुलांसाठी."

"शाळेला कालच सुट्टी लागली."

त्यांनी गॅस बंद केला. करंजी हातातच होती.

"आई गेल्याचं त्याला माहीत नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "आईनेच सांगून ठेवलं होतं. मी गेले तरी डबा चुकवू नकोस, नाहीतर तो धावत येईल. आणि तुम्ही होतातच की स्मशानात. मी बघितलं ना तुम्हाला, पांढरी साडी नेसून उभ्या होतात."

"किती वर्षं असा डबा पाठवणार होतात?"

"त्याची शिक्षा संपेपर्यंत."

"ती संपत नाहीये मंगलताई. तो बाहेर असतो तेवढे दिवस मोजत नाहीत. त्याचे चौदा महिने जिथे होते तिथेच उभे आहेत."

"ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तो आत राहिला असता तर गेल्या दिवाळीला घरी असता. आईच्या हातची खाल्ली असती. हे मी रोज बोलते स्वतःशी."

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. डबा कुठे जातो हे शोधणं मला कठीण नव्हतं, त्या निघाल्या की मागे एक माणूस ठेवायचा, बस. मग कागदावर येणार, आरोपीला पकडला. किंवा मी त्यांच्याबरोबर जाते, एकटी, आणि तो स्वतःच्या पायांनी ठाण्यात येतो. मग कागदावर येणार, आपणहून हजर झाला. पळाल्याची शिक्षा दोन्हीत होणार, पण न्यायाधीश ते दोन कागद एकसारखे वाचत नाहीत. आणि तो जितका उशीर करील तितकं ते अवघड होत जाईल.

"आणि तो पळाला तर? तुम्हाला बघून?"

"तर माझी नोकरी अडचणीत येईल."

त्यांनी मुरड पुरी केली, करंजी ताटात ठेवली. "आईचं मी नाही सांगणार त्याला. मला नाही जमणार."

"मी सांगीन," मी म्हटलं.

डबा कसा जायचा ते मग कळलं. पहिल्या दिवाळीला शहरातल्याच अलकापुरी भागातली एक चहावाली, जशोदाबेन, विचारत विचारत वाडीत आली होती. आमच्या साइटवर एक माणूस आहे, त्याला घरचा फराळ पाहिजे. एवढाच निरोप. आईने डबा भरून दिला. पुढच्या दिवाळीला मंगलताई डबा घेऊन तिच्या टपरीवर गेल्या आणि आधीचा परत घेऊन आल्या. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखर घातलेली होती. वर्षातून एकदा, तेवढंच. फोन नाही, चिठ्ठी नाही. मंगलताईंनी त्याला स्वतः पाहिलंच नव्हतं, कारण पाहिलं तर माझ्यासमोर तोंडावर दिसेल अशी त्यांना भीती होती. भीती खरी होती. मला दिसलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षाने निघालो, डबा त्यांच्या मांडीवर. वाडीपासून अलकापुरी किती लांब? आमचं पथक त्याच्यासाठी नाशिकला जाऊन आलं होतं, सुरतेला दोनदा.

टपरी एका गल्लीच्या तोंडाशी होती. मागे जुना बंगला पाडून सहा मजली इमारत झालेली, आत फरशीचं काम चालू. जशोदाबेनने माझ्याकडे बघून मंगलताईंना विचारलं, "आ कोण?"

"माझी मावसबहीण," मंगलताई पापणी न हलवता म्हणाल्या. नोकरीत लोकांनी मला खूप काय काय म्हटलं, मावसबहीण कोणी म्हटलं नव्हतं.

जशोदाबेनने आम्हाला चहा दिला आणि डब्याचं झाकण उघडून बघितलं. चकल्या बघून ती हसली. तो ह्या चहात बुडवून मऊ करून खातो, म्हणाली. त्याच्या दोन दाढा गेल्या आहेत. दुखायला लागल्या तेव्हा दवाखान्यात काही गेला नाही, रस्त्यावर बसणाऱ्या माणसाकडून पकडीने उपटून घेतल्या, मग आठ दिवस ताप. मीच हळद-दूध पाजलं.

मंगलताईंनी कप खाली ठेवला. "दाढा नाहीत त्याला? आणि मी दोन वर्षं कडक चकल्या पाठवतेय? सांगायचं नाही का? लाडू जास्त केले असते." त्या जशोदाबेनवर खरोखरच चिडल्या होत्या. ती बिचारी म्हणत राहिली की लाडू पण खातो, सगळं खातो.

तळमजल्यावर घिसाईचं मशीन चालू होतं. नव्या फरशीवर पाणी सोडून वरून मशीन फिरवतात, दगडाची भुकटी पाण्यात मिसळून ताकासारखी पांढरी होते आणि वाळली की अंगावर चिकटून बसते. मशीन धरून एक माणूस उभा होता. केस, भुवया, कान, सगळं पांढरं. त्याचा फोटो दोन वर्षं माझ्या पर्समध्ये होता, आणि तो माझ्या शेजारून गेला असता तरी मी ओळखलं नसतं. असा माणूस एका इमारतीत काम करतो, काम चालू असेतो तिथेच झोपतो, मग आसपासच्याच पुढच्या इमारतीत जातो. भाडं नाही, पत्ता नाही, चेहराही नाही. अकरा वर्षांत लपायची इतकी चांगली जागा मी पाहिली नव्हती.

त्याने मंगलताईंना पाहिलं आणि मशीन बंद केलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पोलिसी बूट काढून आलात," तो म्हणाला, "पण उभ्या तशाच राहता तुम्ही लोक."

त्याने मागे पाहिलं. मागची भिंत अजून घातलेली नव्हती, तिथून सरळ दुसऱ्या गल्लीत जाता येत होतं. मी एकटी आणि माझा गुडघा. पण तो गेला नाही, कारण त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"ताई, आई बरी आहे ना?"

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "श्रावणात गेली. झोपेत. त्रास झाला नाही."

माझ्या नोकरीतली जी दोन-चार वाक्यं मला परत घ्यावीशी वाटतात त्यांत हे पहिलं. वायरलेसवर निरोप द्यावा तसं मी ते सांगितलं. आधी त्याला बसायला सांगायचं होतं, पाणी द्यायचं होतं. दुसऱ्यांच्या घरी इतकी वर्षं पाणी मागितलं, द्यायची वेळ आली तेव्हा सुचलं नाही.

तो मंगलताईंच्या हातातल्या डब्याकडे बघत होता. "मग हे?"

"मी केलं."

"मला कळू नये म्हणून?"

त्यांनी मान हलवली.

"कोणी केलं सगळं?"

"प्रकाशदादाने."

मशीनला लावलेला पाण्याचा पाइप काढून त्याने डोक्यावर धरला. मला आधी कळलंच नाही, वाटलं भोवळ आली असावी. मग ध्यानात आलं. माणूस गेल्याचं उशिरा कळलं की ऐकल्या जागी अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात. पाणी जोरात होतं. पांढरी भुकटी केसांतून, कानांमागून, सदऱ्यातून वाहायला लागली, आधी दाट, मग पातळ, आणि त्या खालून हळूहळू माझ्या पर्समधला चेहरा बाहेर आला. जरा म्हातारा, गाल आत गेलेले.

त्याने पाइप सोडला नाही. पाठ आमच्याकडे, तोंड त्या उघड्या बाजूकडे. मी पाऊल पुढे टाकलं नाही. टाकलं असतं तर ते पकडणं झालं असतं.

"दिल्या," मंगलताई म्हणाल्या, "पुरे आता. सर्दी होईल."

त्याने नळ बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ही खोली अर्धी राहिलीये. हे पाणी असंच राहिलं तर दगडावर डाग पडतात. काढून घेऊ?"

नियमात हे कुठे बसत नाही. मी सिमेंटच्या गोणीवर बसले, मंगलताई दुसऱ्या गोणीवर. त्याने रबरी फळीने सगळं पाणी कोपऱ्यापर्यंत ओढलं, फडक्याने कडा पुसल्या. मग ओला सदरा पिळून पुन्हा घातला, जशोदाबेनला नमस्कार केला, गावी जातो म्हणाला. तिचं नाव मी कुठल्याच कागदात लिहिलं नाही, आणि इथे लिहिलंय तेही बदलून.

रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला. मी विचारलं, कसा राहिलास रे? तो म्हणाला, राहायला काही लागत नाही, बाई. अंगावर काम असलं की कोणी बघत नाही. एका मोठ्या पोलीस अधिकाऱ्याच्या बंगल्याची फरशीसुद्धा त्यानेच केली होती. साहेब स्वतः येऊन सांगून गेले, कोपरे नीट चमकव. मला हसू आलं. मंगलताईंना नाही आलं.

"मग वाईट काय होतं?" त्यांनी विचारलं.

"भांडायला कोणी नव्हतं," तो म्हणाला.

ठाण्यात रावळसाहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मंगलताईंच्या हातातल्या डब्याकडे, मग भुकटीने पांढऱ्या झालेल्या माझ्या चपलांकडे. मला बाजूला घेऊन विचारलं, "बेन, तुम्ही तिथे काय करत होतात?"

"चहा प्यायला गेले होते."

"वाडीतून अलकापुरीला?"

"तिथला चहा चांगला असतो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते मनात काय म्हणाले ते मला माहीत आहे, कारण पुढे सहा महिने ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. पण लेखनिकाला त्यांनी लिहायला सांगितलं, "लखो, आपणहून हजर." त्या शब्दांचा कोर्टात उपयोग झाला. शिक्षा वाढली, पण फार नाही. तो आता रीतसर सुटून आलाय, फरशीचंच काम करतो, आणि त्याने पुढे नव्या दाढा बसवून घेतल्या. बढती मला मिळाली नाही. मंगलताई अजूनही मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणतात.

त्या दिवशी मात्र हे काही माहीत नव्हतं. लेखनिक फॉर्म भरत होता. नाव विचारलं तेव्हा दिलीपने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, आडनावासकट, गरजेपेक्षा जरा मोठ्याने. साइटवर त्याला सगळे नुसतं पॉलिशवाला म्हणायचे. लेखनिकाने आईचं नाव विचारलं. त्याने ते सांगितलं.

"हयात?"

मंगलताईंनी तोंड उघडलं होतं. त्याने हात जरासा वर करून त्यांना थांबवलं.

"नाही," तो म्हणाला. "श्रावणात गेली."

लेखनिकाने खूण केली आणि पुढच्या रकान्याकडे वळला.